तारेतून बिनतारी

गतवर्षी विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू असता दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. हा मुलगा खुलताबादच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एस. टी. ने शाळेत येतो. सन २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या व पाठ मोबाईलवरून सुरू झाले, तेव्हा तो पाचवीत होता. त्याच्या गावात मोबाईलचा संदेश नीट पोहोचत नसे; म्हणून तो व त्याची धाकटी बहीण रोज सकाळी गावामागच्या टेकडीवर जाऊन बसत आणि ऊन तापेपर्यंत जेवढा पाठ कानी पडेल तेवढा ऐकून परत येत. त्या वर्षी त्याचे गणित जे मागे पडले ते भरून काढण्यास त्याला पुढे दोन वर्षे लागली. त्याचा प्रश्न असा होता : "सर, संगणकाकडून आपण चित्र काढवून घेतो, गाणे वाजवून घेतो, मग वायफाय का तयार करून घेऊ नये? आणि ते आपल्याला करता आले, तर आमच्या गावापर्यंत नाही का नेता येणार?"

प्रश्न दिसावयास साधा होता. परंतु त्याचे उत्तर शोधताना आमचे व आमच्या सहा विद्यार्थ्यांचे जवळजवळ एक सत्र खर्ची पडले. त्यातून जे हाती आले ते येथे सांगावे, असे वाटते.

प्रथम रेडिओ म्हणजे काय ते पाहू. आमच्या शहरास (आजचे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) रेडिओ नवा नाही. १९४७ साली देशी संस्थानांच्या मालकीची जी पाच रेडिओ केंद्रे होती, त्यांत हैदराबादेबरोबर औरंगाबादचेही एक होते. त्या काळचा रेडिओ उघडून पाहिला तर आत काचेचे दिवे, तांब्याची वेटोळी आणि एकमेकांत सरकणाऱ्या पत्र्यांचा संधारित्र दिसत असे. ज्या कामासाठी हे भाग जोडले असतील तेवढेच काम ते यंत्र करी. मध्यम लहरींच्या यंत्राने दूरचित्रवाणी पाहता येत नसे, व दूरचित्रवाणीच्या यंत्राने बिनतारी दूरध्वनी करता येत नसे. यंत्राचा गुण त्याच्या घडणीतच बांधलेला असे.

याहून निराळी रीत कशी असू शकते, हे समजण्यास आपल्याच शहरातील हिमरूचा माग पुरेसा आहे. जुन्या मागावर नक्षी धाग्यांच्या जाळ्यात बांधून ठेवीत, आणि मागावर उंच बसलेला मुलगा विणकराच्या सांगण्याप्रमाणे ते धागे ओढी. पुढे जाळ्याऐवजी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ आली. माग तोच, विणकर तोच, सूत व रेशीमही तेच. पुठ्ठे बदलले की बुट्टीच्या जागी वेल उमटे. नक्षी मागाच्या लाकडात नसून पुठ्ठ्यांत असते. सॉफ्टवेअरने घडविलेल्या रेडिओचे मर्म हेच होय. आकाशात तरंग सोडणारा व झेलणारा भाग तेवढा धातूचा. बाकी सारी नक्षी संगणकातील आज्ञावलीत. सकाळी तोच संच एफ. एम. ऐकवील, दुपारी विमानांचे संदेश टिपील व संध्याकाळी वायफाय बोलेल. १९९१ च्या सुमारास जोसेफ मिटोला या अमेरिकन अभियंत्याने 'सॉफ्टवेअर रेडिओ' हे नाव रूढ केले. २००१ साली 'ग्नू रेडिओ' नावाची आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली झाली. पुढे २०१२ मध्ये असे ध्यानी आले की, संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकली जाणारी अंगठ्याएवढी एक स्वस्त वस्तू आतले कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाच्या हवाली करू शकते. त्या दिवसापासून हे शास्त्र विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. मात्र ती वस्तू फक्त ऐकते, बोलत नाही. आणि वायफाय ज्या उंचीवर चालते तेथपर्यंत तिचा कानही पोहोचत नाही. बोलणारा संच आम्हांस आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता अभियंता आहे, दिवाळीच्या सुटीपुरता म्हणून दिला व नाताळपर्यंत परत मागितला नाही.

आता आकड्यांचा तरंग कसा होतो ते पाहू. तरंगाचे त्या त्या क्षणीचे रूप दोन आकड्यांनी सांगता येते. आलेखाच्या कागदावर एक बिंदू दाखवावयास जसे आडवे व उभे असे दोन अंतर लागते, तसेच हे आहे. असे जोडआकडे पुरेशा वेगाने पाठवीत गेले की संचातील परिवर्तक त्यांचे विद्युत्दाबात रूपांतर करतो, आणि पुढचा भाग त्या दाबाला सेकंदास दोनशे चाळीस कोटींहून अधिक कंपनांच्या तरंगावर आरूढ करून आकाशकाकडे, म्हणजे अँटेनाकडे, पाठवितो. या तरंगाची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही.

वायफायचा जो साधा प्रकार आम्ही निवडला, त्यास सेकंदाला दोन कोटी जोडआकडे लागतात. प्रत्येक जोडीस चार बाइट धरले तर दर सेकंदास आठ कोटी बाइट संगणकाने संचाकडे पोहोचवावयाचे, आणि तेही खंड न पडता. आपल्या पाणचक्कीत कित्येक किलोमीटर लांबून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याची धार चक्रावर पडते व वर जाते फिरते. ती धार मधेच तुटली तर जाते थांबेल. अर्धी पडली तर अर्धे पीठ मिळेल असे नव्हे. येथेही तसेच. धार तुटली की तो संदेश वाया गेला. पहिल्या दिवशी आमची धार तुटत होती. पडद्यावर 'यू' हे इंग्रजी अक्षर एकामागून एक उमटू लागले. संचाच्या भाषेत त्याचा अर्थ 'मजकूर वेळेवर आला नाही' असा आहे. आम्ही आज्ञावली तपासली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला, दुसरा संगणक आणला. शेवटी सहांपैकी सर्वांत अबोल विद्यार्थिनीने दाखवून दिले की, तार संगणकाच्या जुन्या काळ्या खोबणीत बसविली आहे. शेजारची निळी रिकामीच आहे. जुन्या यूएसबीची मर्यादा सेकंदास सहा कोटी बाइट, आणि आमची गरज आठ कोटींची. तिसरीच्या मुलासही करता येईल अशा या वजाबाकीपायी आमची संपूर्ण दुपार गेली!

या आकड्यांत काय भरलेले असते, तेही थोडक्यात सांगतो. वायफाय आपला मजकूर एकाच जाड तरंगावर लादत नाही. तो चौसष्ट बारीक तरंगांची पट्टी आखतो व त्यांतले बावन्न वापरतो. पैकी चार केवळ ताळमेळ राखण्यासाठी असतात व अठ्ठेचाळीस मजकूर वाहतात. काठाचे आणि अगदी मधले धागे मुद्दाम रिकामे सोडलेले असतात. दर चार मायक्रोसेकंदांनी या सर्व धाग्यांवर नवी नक्षी पडते. त्या चारांतील ०.८ मायक्रोसेकंद केवळ प्रतिध्वनी विरण्यासाठी राखलेले असतात. भिंतींवरून, कपाटांवरून आपटून येणारे तरंग मूळ तरंगापेक्षा उशिरा पोहोचतात व पुढल्या नक्षीत मिसळू पाहतात. ०.८ मायक्रोसेकंदात तरंग दोनशे चाळीस मीटर जातो. तेवढा वळसा घालून आलेला प्रतिध्वनीही या युक्तीने निरुपद्रवी होतो. मोठ्या प्रार्थनामंदिरात वाचन करणारा मनुष्य घुमणारा आवाज विरेपर्यंत दोन वाक्यांमध्ये जसा थांबतो, तसेच हे थांबणे आहे.

दुसऱ्या दिवसाआधी कायद्याचा विचार करणे भाग पडले, आणि पालकांनी हा भाग अवश्य वाचावा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यास परवाना लागत नाही, ही गोष्ट खरी. भारत सरकारने जानेवारी २००५ च्या नियमांनी तो मोकळा केला. परंतु त्या मोकळीकीस अटी आहेत. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅटपेक्षा अधिक नसावी, व यंत्र मान्यताप्राप्त प्रकारचे असावे. बाजारातील वायफायची पेटी अशी मान्यता घेऊनच विकली जाते. आमच्या टेबलावरील संच प्रयोगाचा. त्यास ती नव्हती. शिवाय चुकीची एक आज्ञा दिली तर तो वायफायचा पट्टा सोडून भलत्याच जागी बोलू लागेल, आणि त्या जागी कोणाचे विमान असेल, कोणाचा पोलीस असेल. म्हणून आम्ही आकाशकच काढून ठेवला. संचाची बोलण्याची व ऐकण्याची तोंडे, आणि ज्याचा आकाशक सुटा होतो अशा एका वायफायच्या खुंटीचे तोंड, यांस तारेने जोडले व मध्ये क्षीणक घातला. क्षीणक म्हणजे शक्ती लाखो पटींनी कमी करणारी धातूची लहानशी नळी. ती घातली नसती तर समोरच्या ग्राहकाचे कान फुटले असते. बिनतारी संदेश तारेतून पाठवावयाचा हे पाहून मुले फार हसली. त्यांचे हसणे योग्यच होते. तथापि जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांतही प्रथम असेच करतात.

वायफायची पेटी आपले नाव सेकंदास सुमारे दहा वेळा पुकारीत असते. अचूक सांगावयाचे तर दर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा. या पुकाऱ्याला कोणी उत्तर द्यावे अशी अपेक्षा नसते. आम्ही आज्ञावलीकडून तसा पुकारा तयार करविला. २०१३ साली बास्टियन ब्लोएस्सल या जर्मन संशोधकाने ग्नू रेडिओसाठी लिहिलेली वायफायची आज्ञावली सर्वांस खुली आहे, तिचाच आधार घेतला. नाव कोणते द्यावे यावर मतभेद झाला. अखेर त्या मुलाच्या गावाचे नाव दिले. दुसऱ्या संगणकाच्या यादीत शेजारच्या घरांची व कार्यालयांची नावे असतात, त्यांत ते नाव देवनागरी लिपीत उमटले. त्या क्षणी वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गावरील बाई चौकशीस आल्या.

येथे एक गोष्ट आमच्या मनात आल्याशिवाय राहिली नाही. आम्ही जे नाव दिले तेच त्या संगणकाने खरे मानले. गावाऐवजी रेल्वे स्थानकाचे किंवा एखाद्या बँकेचे नाव दिले असते, तरी ते तितक्याच विश्वासाने उमटले असते. प्रवासात फुकटचे वायफाय दिसले की मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे वडील, लगेच जोडले जातात. यादीतील नाव हा कोणताही पुरावा नव्हे. सांकेतिक शब्द असलेल्या जाळ्यात तो शब्द दोन्ही बाजूंस ठाऊक आहे की नाही याची परीक्षा होते. उघड्या जाळ्यात तीही होत नाही.

तिसऱ्या दिवशी जोडणीचा प्रयत्न केला, आणि तेथे आमचे गाडे रुतले. नाव दिसे, परंतु त्यावर बोट ठेवले की थोडा वेळ चक्र फिरे व 'जोडता येत नाही' असा निरोप येई. आम्ही तार बदलली, क्षीणक बदलला, सांकेतिक शब्द काढून टाकला. दोष तारेत नव्हता. अखेर संचास जे ऐकू आले होते ते सारे कागदावर उतरवून घेतले, तेव्हा उलगडा झाला. समोरच्या संगणकाचा 'मला आत घ्या' हा अर्ज आम्हांस स्वच्छ ऐकू येत होता. मात्र तो एकदा नव्हे, तोच अर्ज लागोपाठ कित्येक वेळा येत होता, आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येकावर 'पुन्हा पाठवीत आहे' अशी खूण होती. म्हणजे आमची पोच त्यास मिळत नव्हती. आम्ही पोच देत होतो. पण ती उशिरा पोहोचत होती.

किती उशिरा? वायफायचा नियम असा की, एखाद्यास उद्देशून पाठविलेला संदेश नीट पोहोचला तर ऐकणाऱ्याने दहा मायक्रोसेकंदांत पोच द्यावयास आरंभ करावा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही मुदत सोळा आहे. पोच आली नाही तर बोलणारा संदेश हरवला असे समजून पुन्हा पाठवितो. दहा मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्षांश. एवढ्या वेळात रेडिओचा तरंगदेखील केवळ तीन किलोमीटर जातो. आमच्या संचात मात्र संदेश प्रथम यूएसबीच्या तारेतून संगणकात जाणार, तेथे रांगेत थांबणार, आज्ञावली तो वाचणार, पोच लिहिणार, व ती त्याच वाटेने परत येणार. यूएसबीचे काम १२५ मायक्रोसेकंदांच्या कालखंडांत वाटलेले असते. म्हणजे पहिल्या पायरीवरच आम्ही हरलो. आमची पोच काही हजार मायक्रोसेकंदांनी पोहोचत होती. संगणक मंद होता असे नव्हे. तो दूर होता. दाराशी आलेल्या पाहुण्यास घरमालक गावाहून पत्राने 'या' म्हणतो, तशी ही गत.

पुकारा पाठविणे साधले व संभाषण साधले नाही, याचे कारण एवढेच. बोलणे एकट्याने होते. संवादाला वेळ पाळावी लागते.

ही अडचण आमच्याआधी पुष्कळांना आली आहे, आणि तिच्यावर दोन उपाय निघाले आहेत. पहिला, संगणकच संचाच्या जवळ आणणे. मायक्रोसॉफ्टच्या चीनमधील संशोधकांनी २००९ मध्ये 'सोरा' नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यात यूएसबी टाळून संगणकाच्या मुख्य मार्गावरच कार्ड बसविले होते, व प्रक्रियकाचा एखादा भाग केवळ याच कामास जुंपला होता. दुसरा उपाय असा की, पोच देण्याइतकी अक्कल संचातच ठेवावयाची. ज्या चकतीतील जोडण्या आज्ञेने हव्या तशा बदलता येतात, अशी एक चकती संचात असते. वेळेचे काम तिने करावे व विचाराचे काम संगणकाने. बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी 'ओपनवायफाय' या नावाने असा संपूर्ण वायफाय रचला व २०१९–२० च्या सुमारास सर्वांसाठी खुला केला. बाजारातील वायफायच्या चकतीच्या आत काय चालते ते विकत घेणाऱ्यास दिसत नाही. येथे प्रत्येक ओळ वाचता येते. असा संच शाळेस परवडेल असे आज तरी दिसत नाही.

सॉफ्टवेअरने रेडिओ घडविण्याचे फार मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, नारायणगावापासून जवळच, प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली विशाल रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी व सोळा तीन बाहूंवर, सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारात. या तीस कानांनी ऐकलेले एकत्र जुळविण्याचे काम पूर्वी खास घडविलेली यंत्रे करीत. २०१० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनी तेच काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडून, आज्ञावलीच्या बळावर, त्या त्या क्षणीच करून घेतले. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे शियापारेली यान मंगळावर उतरत असता त्याचा अत्यंत क्षीण संदेश याच दुर्बिणीने ऐकला, आणि यान भूमीस लागण्याच्या थोडे आधी तो तुटल्याचेही येथेच कळले. एवढे सूक्ष्म कान असलेल्या ठिकाणाजवळ कोणी बेजबाबदारपणे प्रक्षेपक चालवील, तर दशलक्ष वर्षांपूर्वी निघालेला तरंग त्या गोंगाटात बुडेल. आमच्या आकाशक काढून ठेवण्याचे एक कारण मुलांना खोडदच्या या हकीकतीतूनच खऱ्या अर्थाने पटले. कायद्याच्या कलमांनी तितके पटले नव्हते. वायफायचेही खगोलशास्त्राशी नाते आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन ओ'सुलिव्हन हे १९७० च्या दशकात स्फोट पावणाऱ्या लहान कृष्णविवरांचे रेडिओ-स्पंद शोधीत होते. ते सापडले नाहीत. पण त्या शोधात हाताळलेले गणित पुढे खोलीतील प्रतिध्वनींवर मात करण्यास उपयोगी पडले, आणि त्यांच्या संस्थेस १९९६ साली त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले.

राहिला त्या मुलाचा मूळ प्रश्न. गावापर्यंत वायफाय नेता येईल का? येईल, व नेलेही आहे. मात्र आमच्या टेबलावरील संचाने नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील खामलोली व आसपासच्या गावांत असा प्रयोग केला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पट्ट्यातील बहुतांश वाहिन्या आपल्या देशात रिकाम्या असतात. त्या लांब तरंगांस झाडीचा अडथळा कमी होतो व ते दूरवर जातात. तेव्हा सरकारची अनुमती घेऊन गावापर्यंतचा दुवा या पट्ट्यातून न्यावा आणि गावात साधे वायफाय द्यावे, अशी ती योजना होती. पुढे 'ग्राममार्ग' या नावाने हे काम वाढले, व २०१७ मध्ये त्यास मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. त्याआधी, २००२ च्या सुमारास, कानपूरच्या आयआयटीने साध्या वायफायच्या यंत्रांनाच उंच मनोऱ्यावरील दिशादर्शी आकाशक जोडून वीस किलोमीटरांहून लांबचे दुवे बांधले होते. तेथेही अडचण आली ती पोचेचीच. घरातील अंतर धरून नेमलेली वाट पाहण्याची मुदत वीस किलोमीटरांस पुरत नाही. ती वाढवावी तरी लागते, किंवा प्रत्येक संदेशास पोच देण्याची रीतच बदलावी लागते.

हे त्या मुलास सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. त्याच्या गावच्या पाण्याच्या टाकीपासून ज्या मनोऱ्याचा दिवा रात्री दिसतो, तेथपर्यंतचे अंतर त्याने नकाशावरून अकरा किलोमीटर धरले होते. तरंगास जाण्यास सदतीस मायक्रोसेकंद, जाऊन येण्यास त्र्याहत्तर, अधिक दहा. हिशेब बरोबर होता. त्याखाली त्याने पेन्सिलीने नोंद केली आहे : मधल्या चिंचांची उंची मोजावयाची राहिली.